सांगायला या

कुणी हात वर करून निरोप देत असलं, की आपण त्याच्या चेहऱ्याकडे बघतो. डॉक्टर साळवे खांद्याकडे बघायचे. पाटोद्याच्या स्टँडवर एकदा आम्ही दोघं एसटीची वाट बघत उभे होतो. समोर एक म्हातारी लेकीला पोचवायला आली होती. गाडी हलली, म्हातारी रडत रडत हात हलवायला लागली, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि शेजारून डॉक्टर हळूच म्हणाले, "बाई, तिचं कोपर वर जात नाही बघा." मला रागच आला. माणसाने वेळकाळ बघावी, असं मी त्यांना सुनावलं. त्यांनी गुपचूप मान डोलावली, आणि गाडी दिसेनाशी झाल्यावर म्हातारीला गाठून कारखान्याच्या दवाखान्यात या म्हणून सांगितलं. हा कोण उपटसुंभ, अशा नजरेने तिने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि पदर सावरून ती निघून गेली.

आमचा साखर कारखाना सहकारी होता. पाटोद्याहून कडा गावाकडे जाताना उजाड माळावर त्याची चिमणी लांबूनच दिसायची. माझे यजमान तिथे प्रयोगशाळेत केमिस्ट होते, मी कॉलनीतल्या शाळेत शिकवत होते, आणि आमच्या भिंतीला भिंत लागून डॉक्टरांचं क्वार्टर होतं. ती भिंत इतकी पातळ, की पलीकडे काय चाललंय ते कान न देताही कळायचं. डॉक्टर रेडिओवरच्या बातम्यांशी भांडायचे. हवामानखात्याने पावसाची शक्यता सांगितली, की ते मोठ्याने म्हणायचे, "काय सांगता राव." मग स्टोव्हचा आवाज, पिठल्याचा वास, आणि शेवटी एक ताट घासून पालथं घातल्याचा आवाज. एकच ताट. तो आवाज मला आवडायचा नाही. आमच्याकडे त्या वेळी पोरांचा आरडाओरडा चाललेला असायचा, तरी तो बरोबर ऐकू यायचा.

त्यांच्या मिसेस औरंगाबादला सरकारी नोकरीत होत्या, मुलं तिकडेच शिकत होती. एका दिवाळीला सगळे इकडे आले होते. मळीच्या वासाने बाईंचं डोकं चढलं, मुलांना करमेना, आणि पुढच्या दिवाळीपासून डॉक्टरच तिकडे जायला लागले. आधी महिन्याच्या महिन्याला जायचे, मग सणावारी. कुणी विचारलं तर म्हणायचे, रजा मिळत नाही. कारखान्यात रजा मागितली म्हणून कुणी कुणाला नाही म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पायऱ्या. तिथे ताप-खोकलाही यायचा, पण डॉक्टरांचा जीव कशात, तर दुखऱ्या सांध्यांत. कंबर, खांदा, गुडघा. आणि त्यावर त्यांचं औषध होतं साखरेचं पाणी. सलाईनमध्ये असते ती साखर, जरा दाट करून. आधी ते नुसत्या अंगठ्याने दुखरी जागा शोधत. अंगठा हळूहळू सरकत जाई, आणि एका ठिकाणी माणूस बोंबलला, की डॉक्टरांचा चेहरा उजळे. तिथे निळ्या शाईची खूण करायची आणि सुई थेट हाडाला टेकेपर्यंत आत घालायची. त्यांचं म्हणणं असं, की हाडं एकमेकांना चिवट वाद्यांनी, म्हणजे लिगामेंटनी, बांधलेली असतात. त्या सैल पडल्या की माणूस दुखतो. हे पाणी तिथे जाऊन थोडी आग करतं, मग शरीराला जाग येते आणि ते आपली वादी आपणच घट्ट करायला लागतं.

म्हणजे सुई टोचल्यावर आधी दुखणं वाढायचं. दोन-चार दिवस ठणका लागायचा. डॉक्टर म्हणायचे, "दुखू द्या." गोळी मात्र अजिबात घ्यायची नाही. गोळीने आग विझते, मग शरीर पुन्हा झोपतं. आता आमच्या भागात अंगदुखीच्या गोळ्या किराणा दुकानात, पानाच्या टपरीवर, चहाच्या गाड्यावर, सगळीकडे मिळायच्या. ऊसतोडीची माणसं त्यांच्यावरच उभी असायची. म्हणून डॉक्टर सुई भरायच्या आधी रोग्याला खिसे, कमरेची पिशवी, चंची, सगळं रिकामं करायला लावायचे. निघालेल्या गोळ्या टेबलावरच्या काचेच्या बरणीत जायच्या. लाल, पिवळ्या, चॉकलेटी. बरणी बघून माझ्या धाकट्याने एकदा लिमलेटसाठी भोकाड पसरलं होतं.

म्हाताऱ्या माणसांना हे सगळं पटकन समजायचं, कारण त्यांनी बिब्बा सोसलेला होता. आपल्याकडे दुखऱ्या सांध्यावर बिब्ब्याचा चटका देतात, कातडी उठते, माणूस चार दिवस कळवळतो आणि मग सांगतो, उतार पडला. डॉक्टर त्यांना म्हणायचे, तुमची आई वरून बिब्बा घालायची, मी आतून घालतो. घोटाळा व्हायचा तो साखरेवरून. एक सभासद कंबर धरून आले होते, त्यांना कुणीतरी सांगितलं की इथे साखर टोचतात. दिवाळीला सभासदांना कारखान्याकडून साखर मिळायची. हे गृहस्थ त्यातली पिशवी घेऊनच आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "बाहेरची नगं डॉक्टर, हीच घाला. आपल्याच उसाची हाय." डॉक्टरांनी त्यांना कितीतरी वेळ समजावलं. मग त्यांच्याच साखरेचा चहा करून त्यांना पाजला, आणि सुई आपली टोचली. ते गावात जाऊन काय सांगायचे, तर सुईने काही झालं नाही, चहाने कंबर मोकळी झाली.

आमच्या चेअरमनसाहेबांचीही कंबर जीपने गेली होती. त्यांना मुंबईहून मागवलेलं भारी इंजेक्शन हवं होतं. डॉक्टरांनी नेहमीचंच टोचलं. काही दिवसांनी साहेब जिल्ह्याच्या मीटिंगला ताठ बसून आले आणि सगळ्यांना सांगत सुटले, की पुण्याहून आणलेल्या पट्ट्याने गुण आला. पट्टा आणला होता हेही खरं. डॉक्टरांना मी चिडून म्हटलं, तुम्ही गप्प कसे बसता? ते म्हणाले, "पट्ट्यानेही आला असेल, बाई. आपल्याला काय ठाऊक?"

ही त्यांची खोड मला तेव्हा अजिबात समजायची नाही. डॉक्टर म्हणवणाऱ्या माणसाने ठाम बोलावं. एका गणेशोत्सवात कॉलनीच्या क्लबने त्यांचं भाषण ठेवलं, लिंबू-चमचा आणि बक्षीस समारंभाच्या मध्ये. विषय त्यांनीच दिला होता: साखरेच्या सुईचा इतिहास. अंगात इस्त्रीचा शर्ट घालून आले, आणि थेट ग्रीस देशात शिरले. तिथे म्हणे फार पूर्वी भाला फेकणाऱ्यांचा खांदा निखळायला लागला, की तापल्या लोखंडाने डाग द्यायचे. मग खूप नंतर, अमेरिकेत काही डॉक्टर ऑपरेशन न करता हर्निया बरा करायला आग करणारी औषधं टोचायचे. आतली जागा आवळून यायची. त्यावरून एकाच्या डोक्यात आलं, की हेच सैल पडलेल्या वाद्यांना का करू नये? त्याने हाडाच्या कडेकडेने सुया टोचल्या. पहिली औषधं फार जहाल होती, माणसाला इजा करणारी. ती बदलत बदलत शेवटी साधी साखर हाती आली. स्वस्त, आणि कुठल्याही दवाखान्यात असतेच. "पण मोठमोठे डॉक्टर अजून हसतात," ते म्हणाले. "आणि त्यांचंही चूक नाही. नुसतं पाणी टोचलं तरी काहींना बरं वाटतं. मग बरं कशाने वाटलं? साखरेने, सुईने, का कुणी पाठीवर हात ठेवून विचारलं म्हणून? मला माहीत नाही."

माइकवरून डॉक्टर 'मला माहीत नाही' म्हणाले, ते सगळ्या कॉलनीने ऐकलं. पुढे आठवडाभर दवाखान्यात माशा मारण्याची वेळ आली. माझे यजमान त्यांना चिडवायचे, "डॉक्टर, रोग्यांचे नमुने घेऊन आमच्या लॅबमध्ये या, साखर किती उतरली ते काढून देतो." डॉक्टरही हसायचे. पण त्या भाषणानंतर मला त्यांच्या एका वाक्याचा अर्थ लागला. सुई टोचून झाली, की ते प्रत्येकाला दारापर्यंत सोडायला यायचे आणि म्हणायचे, "बरं वाटलं तरी या, नाही वाटलं तरी या. सांगायला या." मला ते सौजन्य वाटायचं. खरं तर ती त्यांची गरज होती. आपण आयुष्यभर हे करतोय, त्याने माणूस बरा होतो का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. आणि ते सांगायला कुणी यायचंच नाही. बरा झालेला कामाला लागायचा, न झालेला बीडला दुसऱ्या डॉक्टरकडे जायचा. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून डॉक्टर रस्त्याकडे बघत राहायचे.

त्यात त्यांचा स्वतःचा उजवा खांदा गेला. सायकलवरून पडल्याचं निमित्त झालं. हात छातीच्या वर जाईना. सुई टोचायला अडत नव्हतं, पण केस डाव्या हाताने विंचरायला लागले, आणि अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी त्यांनी कमरेच्या उंचीवर बांधली. माझं धुणं सगळं आभाळाला लागलेलं, आणि पलीकडे त्यांचे दोन शर्ट शेळीच्या तोंडाशी. मी एकदा म्हटलं, तुमचं औषध तुम्हाला चालत नाही का? तेव्हा कळलं, की सुईची जागा खांद्याच्या मागच्या बाजूला आहे. स्वतःचा हात तिथे पोचत नाही. हे काम ते तरुणपणी एका मिशनच्या दवाखान्यात थोरल्या डॉक्टरांकडून शिकले होते, आणि पहिल्या सुया दोघांनी एकमेकांनाच टोचल्या होत्या. थोरले डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली होती. आसपास हे जाणणारा दुसरा कुणी नव्हता. "बरणीतली एक गोळी घ्या की मग," आमच्या यजमानांनी सुचवलं. डॉक्टर म्हणाले, "लोकांच्या काढून घ्यायच्या आणि आपण खायच्या?" आणि विषय बदलला. त्या दिवसापासून मला त्या माणसाची फार कीव यायची, आणि कीव आली की मी त्यांच्या पिठल्याऐवजी भाजी-भाकरी पाठवायची. दुसरं काय करणार?

सरूबाई आली ती दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, श्रावणात. आभाळ कोरडं ठक्क. शेजारच्या वाडीवरची बाई, ऊसतोडीला जाणारी. नवरा कोयत्याने ऊस तोडणार, बायको मोळी बांधून डोक्यावर घेऊन गाडीवर चढवणार, अशी नवरा-बायकोची जोडी असली तरच मुकादम टोळीत घेतो. त्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. सरूबाईचा उजवा खांदा असा धरला होता, की वेणी घालता येत नव्हती, मोळी तर लांबच. मी माझ्या मुलाच्या खोकल्याचं औषध घ्यायला तिथे बसले होते. ती डॉक्टरांना म्हणाली, "हात वर न्हाई गेला तं मुकादम आमाला घेनार न्हाई. आन नवरा दुसरी बघंल. मोळी उचलनारी." रडली नाही. शिळी बातमी सांगावी तसं सांगितलं.

डॉक्टरांनी अंगठ्याने जागा शोधली. तिच्या कमरेच्या पिशवीतून पिवळ्या गोळ्या निघाल्या, त्या द्यायला ती तयारच होईना. मला म्हणाली, "बाई, तुमी तरी सांगा यान्ला." शेवटी गोळ्या बरणीत पडल्या. मग सुई. तिने दातांत पदर धरला. पुन्हा भादव्यात आली, पुन्हा दसऱ्याच्या तोंडावर. मधल्या ठणक्याच्या दिवसांत ती दवाखान्यासमोरून जाताना डॉक्टरांना मोठ्याने शिव्या घालायची, आणि डॉक्टर आतून म्हणायचे, "दुखू द्या." शेवटच्या वेळी तिचा हात कानापर्यंत गेला. टोळ्या निघायला थोडेच दिवस राहिले होते. डॉक्टर तिला दारापर्यंत सोडायला आले. "सरूबाई, परत आलात की सांगायला या. मोळी उचलल्यावर काय झालं ते मला कळलं पाहिजे. याल?" ती म्हणाली, "यीन की." इतक्या वर्षांत 'येईन' असं सरळ कुणी म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. दोन दिवस ते आम्हाला तेच सांगत होते.

ती माणसं ट्रक भरून पश्चिमेकडच्या कारखान्यांवर गेली, आणि आमच्याकडे कारखाना सुरूच झाला नाही. ऊसच नव्हता. बॉयलर पेटला नाही, भोंगा वाजला नाही. ज्या मळीच्या वासाला आम्ही नाकं मुरडायचो, त्याच्यावाचून हवा परकी वाटायला लागली. आधी हंगामी लोक गेले, मग कायमचे. शाळेत पोरंच उरली नाहीत. मला बीडला शाळा मिळाली, यजमानांनी तिथेच एक काम धरलं. दवाखानाही बंद झाला. डॉक्टर आता औरंगाबादला जातील असं सगळ्यांनी धरलं होतं. निरोप घ्यायला मी पलीकडे गेले, तर ते दोरीवर शर्ट वाळत घालत होते. म्हणाले, क्वार्टरमध्ये राहायची परवानगी मागून घेतली आहे. मी विचारलं, इथे करणार काय? "टोळ्या परत येईपर्यंत थांबतो, बाई. लोकांना सांगायला बोलावलंय. मी नसलो तर त्यांनी कुणाला सांगायचं?"

मला वाटलं, हा माणूस वेडा आहे. यजमानांनाही तसंच वाटलं. पण आमचा टेंपो निघाला तेव्हा त्या रिकाम्या कॉलनीत एकाच घराचं दार उघडं होतं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. आमचं एक लोखंडी कपाट क्वार्टरमध्ये राहून गेलं होतं, ते आणायला वैशाखात गेले. ऊन असं, की रस्त्यावर कुत्रंही नाही. कॉलनीत घरांची दारं उचकटलेली, शाळेच्या व्हरांड्यात शेळ्या. डॉक्टर दवाखान्याच्या पायऱ्यांवर लिंबाच्या सावलीत बसले होते. बरेच वाळले होते. मला बघून त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी लगेच स्टोव्ह पेटवला. दूध नव्हतं म्हणून कोरा चहा दिला. आत टेबलावर बरणी तशीच होती. मी हळूच विचारलं, आलं का कुणी? त्यांनी मान हलवली. टोळ्या पाडव्यापासून परतायला लागल्या होत्या. रस्त्याने माणसं जायची यायची, लांबून हात करायची. दवाखान्याकडे कुणी वळलं नाही.

कॉलनीच्या जमिनीतल्या टाकीत सरकारी टँकर रिकामा व्हायचा, म्हणून आसपासच्या वाड्यांवरच्या बाया तिथे पाण्याला यायच्या. आम्ही चहा पीत असताना टँकर आला आणि एकदम कालवा झाला. बाया हंडे भरून दवाखान्यावरूनच परत चालल्या होत्या. डॉक्टर अचानक उठून उभे राहिले. समोरून सरूबाई येत होती. डोक्यावर भरलेला हंडा, त्यावर कळशी, आणि कळशी सावरायला उजवा हात सरळ वर गेलेला.

डॉक्टरांनी हाक मारली. ती थांबली. "आगं बया, डागदर, तुमी आजून हितंच हाय?"

"खांदा कसा आहे, सरूबाई?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. "कोन्ता खांदा?"

मीच म्हटलं, उजवा. तिने कळशीवरचा हात जरासा हलवून बघितला. पाणी हिंदकळून तिच्या मानेवर सांडलं. "हां, त्ये व्हय. लई ठनकला व्हता बगा तवा. तुमी माज्या गोळ्या बी काडून घेतल्या." मग तिला पाण्याची आठवण झाली. "जाते बाई, आजून दोन खेपा करायच्यात, नंबर जाईल." ती गेली. सांगायला यायचं होतं, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

डॉक्टर पायरीवर बसले. "कोणता खांदा, म्हणाली," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "बाई, ऐकलंत ना तुम्ही? कोणता खांदा." ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचीही शुद्ध नव्हती. मला वाटलं, चला, या माणसाचं काम झालं, आता हे आपल्या घरी जातील. मी तसं म्हटलंही. टेंपोत जागा आहे, बीडपर्यंत चला, तिथून औरंगाबादची गाडी मिळेल. त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा डॉक्टर झाले. "एका बाईवरून काही ठरत नाही. तिचा आपोआपही बरा झाला असेल. बाकीचे यायचेत अजून."

मी फार आग्रह केला नाही. त्या माणसापुढे आग्रह चालायचा नाही, हे इतक्या वर्षांच्या शेजारात मला कळलं होतं. कपाट चढवलं, टेंपो सुरू झाला. कॉलनीच्या फाटकाशी वळताना मी मागे बघून हात वर केला. डॉक्टर पायऱ्यांवर उभे होते. सवयीने त्यांनी आधी माझ्या खांद्याकडे पाहिलं. तो ठीक आहे अशी खात्री झाल्यावर त्यांनी हात वर केला, डावा.